मीठ शांत, सोडियम तापट : प्रयोगशाळेतल्या एका धातूची ओळख



सौंसर-पांढुर्णा भागातल्या आपल्या घरांमध्ये मुले मराठीत बोलतात, पण रसायनशास्त्र मात्र हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात. दहावीला धातू-अधातूंचा धडा येतो. त्यात एक वाक्य असते : सोडियम आणि पोटॅशियम हे धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. मुले ते पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळवतात. पुढे अकरावी-बारावीला, किंवा बी.एस्सी., बी.फार्म.साठी छिंदवाड्याला, नागपूरला गेल्यावर ती बाटली प्रत्यक्ष समोर येते. त्या वेळी पाठ केलेल्या वाक्याचे कारण ठाऊक असावे लागते. या धातूच्या बाबतीत चूक झाली तर तिची किंमत डोळ्यांना आणि हातांना मोजावी लागते.

भर म्हणजे हल्ली मोबाइलवर सोडियमचे तुकडे तळ्यात फेकून स्फोट करण्याचे व्हिडिओ फिरत असतात. मुलांना त्याची मजा वाटते. ती मजा कशामुळे होते आणि कुठे संपते, हे घरच्या भाषेत सांगावे म्हणून हा लेख. मुलांबरोबर आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनीही वाचावा असा आमचा आग्रह आहे.

घरात रोज भेटणारे सोडियम

सोडियम हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. भाजीतले मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग. भज्यांच्या पिठात घालतो तो खायचा सोडा, कपड्यांसाठीचा धुण्याचा सोडा, साबण करायला लागणारा कॉस्टिक सोडा, या सगळ्यांत सोडियमच आहे. ‘सोडियम’ हे नावही सोड्यावरूनच पडले. विदर्भात अकोला, अमरावती, बुलढाणा या भागांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या चोपण जमिनी पाऊस पडला की चिकट होतात आणि वाळल्या की दगडासारख्या घट्ट होतात. त्यामागेही मातीतल्या जास्तीच्या सोडियमचाच हात असतो.

सोडियमचा भाऊ पोटॅशियम. आपले संत्रा बागाईतदार झाडांना पोटॅश देतात, ते पोटॅशियमचेच संयुग. पूर्वी युरोपात लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवत आणि उरलेल्या पांढऱ्या भुकटीला ‘पॉट-अ‍ॅश’, म्हणजे भांड्यातली राख, म्हणत. पोटॅश हा शब्द तिथून आला. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने भांडी घासत, त्या राखेतही हाच क्षार होता.

ही सगळी मात्र संयुगे झाली. शुद्ध सोडियम धातू निसर्गात कुठेच सुटा सापडत नाही. आपला भाग मँगनीजचा. भूगर्भशास्त्रज्ञ इथल्या मँगनीजयुक्त खडकांच्या समूहाला ‘सौंसर’ याच नावाने ओळखतात. मँगनीजही खाणीतून शुद्ध धातू म्हणून निघत नाही, खनिज म्हणूनच निघते. पण ते एकदा वेगळे काढून पोलादात मिसळले की वर्षानुवर्षे टिकते. सोडियमचे तसे नाही. वेगळे काढले की काही मिनिटांतच ते पुन्हा कुणाशी तरी संयोग पावायला धावते.

म्हणूनच माणसाला मीठ हजारो वर्षांपासून माहीत असूनही सोडियम धातू दिसायला १८०७ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही याने वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला आणि पोटॅशियम मिळवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॉस्टिक सोड्यातून सोडियम मिळवले. आज कारखान्यात मीठच वितळवून त्यातून वीज सोडतात. नुसते मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळले की सुमारे ६०० अंशांवर काम भागते. एका बाजूला सोडियम जमते, दुसरीकडे क्लोरीन वायू निघतो.

सगळा खेळ एका इलेक्ट्रॉनचा

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. आतल्या कक्षेत २, मधल्या कक्षेत ८ आणि सर्वांत बाहेर एकटा १. आतले दहा घट्ट बसलेले असतात. बाहेरचा एकटा मात्र सैल असतो. तो देऊन टाकला की अणू शांत होतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन घेणारा कुणी भेटला, मग ते पाणी असो, हवेतला ऑक्सिजन असो की क्लोरीन, सोडियम तो लगेच देऊन मोकळे होते.

मिठातल्या सोडियमने तो इलेक्ट्रॉन आधीच क्लोरीनला दिलेला असतो. देण्यासारखे काही उरलेले नसते, म्हणून मीठ बरणीत वर्षभर निवांत राहते. धातूरूप सोडियमजवळ तो इलेक्ट्रॉन अजून शिल्लक असतो. मूलद्रव्य एकच, पण एक देऊन मोकळे झालेले आणि दुसरे द्यायला टपलेले. पुढे या लेखात जे जे नियम येतील ते या एका गोष्टीतून निघतात. ही गोष्ट समजली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम हे सगळे याच घराण्यातले, अल्कधातू. खाली जावे तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर जातो आणि अधिक सैल होतो. म्हणून पोटॅशियम सोडियमपेक्षा तापट, आणि सिझियम त्याहूनही तापट.

धातू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लोखंड येते. सोडियम तसे नाही. ते सुरीने कापता येते. कापल्यावर आतला भाग चांदीसारखा चमकतो आणि बघता बघता काळवंडतो. त्याची घनता ०.९७, म्हणजे पाण्यापेक्षा हलके. ते ९८ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे पाणी उकळायच्याही आधी.

पाण्याशी गाठ पडली की

सोडियमचा बारीक तुकडा पाण्यात पडला तर तो बुडत नाही, तरंगतो. तुकडा पाण्याला इलेक्ट्रॉन देतो, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. उष्णता इतकी निघते की तुकडा वितळून गोळी बनते आणि सूं सूं आवाज करत पाण्यावर सैरावैरा पळते. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब असले तर तिच्या मागे गुलाबी रेघ उमटत जाते. पोटॅशियम असेल तर हायड्रोजन बहुतेक लगेच पेटतो आणि ज्योत जांभळट दिसते.

तुकडा मोठा असला तर स्फोट होतो. हायड्रोजन पेटतो म्हणून स्फोट, एवढेच स्पष्टीकरण बरीच वर्षे दिले जात होते. पण धातूवर हायड्रोजनचा आणि वाफेचा थर बसला तर पाणी दूर राहून क्रिया मंदावायला हवी, मग ती भडकते कशी, हा प्रश्न उरत होता. २०१५ साली प्राग येथील पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ही क्रिया टिपली. धातूच्या थेंबातून इलेक्ट्रॉन क्षणार्धात निघून जातात, मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना जोराने दूर ढकलतात आणि थेंबातून काट्यांसारखे फवारे उडतात. त्यामुळे धातूचा ताजा पृष्ठभाग पुन्हा पुन्हा पाण्याला भिडतो. म्हणजे स्फोटाच्या मुळाशीही तोच सैल इलेक्ट्रॉन.

व्हिडिओत धूर आणि उडालेले पाणी दिसते. त्या पाण्यात कॉस्टिक सोडा असतो आणि वितळलेल्या धातूचे जळते कण असतात, हे दिसत नाही. कॉस्टिक डोळ्यात गेला तर बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा कायमचा निकामी होऊ शकतो.

रॉकेलच का?

रॉकेल, ज्याला आपल्याकडे घासलेट किंवा मातीचे तेलही म्हणतात, ते केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले असते. त्यात सोडियमकडून इलेक्ट्रॉन घेणारे कुणी नाही. शिवाय ते सोडियमपेक्षा हलके आहे, म्हणून तुकडा तळाशी बसतो आणि वरच्या तेलामुळे हवा व दमटपणा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

हा नियम सगळ्या घराण्याला मात्र लागू पडत नाही. लिथियमची घनता ०.५३ आहे, ते रॉकेलवर तरंगते. म्हणून ते मेणात किंवा घट्ट तेलात ठेवतात. रुबिडियम आणि सिझियम काचेच्या बंद कुपीतच येतात. पोटॅशियम रॉकेलमध्ये ठेवतात, पण जुन्या तुकड्यांवर पिवळसर पापुद्रा धरतो. त्यात सुपरऑक्साइड असते. असा तुकडा सुरीने कापताना स्फोट होऊ शकतो. पिवळा पडलेला पोटॅशियम दिसला तर विद्यार्थ्याने त्याला हात न लावता शिक्षकांना सांगावे.

पावसाळ्यात विशेष काळजी हवी. आपल्याकडे कॉलेजचे वर्ग सुरू होतात तेच पावसाळ्यात. हवा दमट असते, हाताला घाम असतो. बाटली वारंवार उघडली, तेल कमी झाले आणि तुकड्याचे टोक वर राहिले की त्यावर पांढरा थर चढू लागतो.

एवढे तापट, तर प्रयोगशाळेत हवे कशाला?

जो गुण धोक्याचा, तोच उपयोगाचा. इलेक्ट्रॉन देण्याची ही घाई रसायनतज्ज्ञ कामाला लावतात.

पहिला उपयोग आपल्या मुलांच्या अभ्यासक्रमातच आहे : लॅसेन चाचणी. १८४३ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ लॅसेन याने ती दिली. एखाद्या औषधात किंवा सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक किंवा क्लोरीन आहे का, हे ओळखायचे असते. पण हे अणू तिथे कार्बनशी घट्ट जखडलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या द्रावणांना दाद देत नाहीत. सोडियमबरोबर तापवले की ते बंध तुटतात आणि सोडियमचे पाण्यात विरघळणारे क्षार बनतात. मग फेरस सल्फेट घालून केलेल्या परीक्षेत गर्द निळा रंग आला तर नायट्रोजन. सोडियम नायट्रोप्रुसाइडने जांभळा रंग आला तर गंधक. सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका आला तर क्लोरीन, फिकट पिवळा आला तर ब्रोमीन आणि पिवळा आला तर आयोडीन.

दुसरा उपयोग द्रव कोरडे करण्याचा. ईथरसारख्या द्रवात पाण्याचा अंश राहिला तर काही क्रिया बिघडतात. यंत्राने दाबून काढलेली सोडियमची तार त्यात टाकली की ती उरलेसुरले पाणी संपवते. पण क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड यांसारख्या क्लोरीनयुक्त द्रवांत सोडियम कधीही टाकायचे नसते. तिथे इलेक्ट्रॉन घेणारा क्लोरीन भरपूर असतो आणि भीषण स्फोट होतो.

तिसरा उपयोग नवे रेणू जोडण्याचा. अकरावीतली वुर्ट्‌झची अभिक्रिया हे त्याचे उदाहरण. सोडियम दोन रेणूंमधला हॅलोजन काढून घेते आणि उरलेले कार्बनचे तुकडे एकमेकांना जोडले जातात.

चौथा उपयोग उजेडाचा. सोडियमच्या वाफेतून वीज गेली की ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश मिळतो. बी.एस्सी.च्या मुलांना न्यूटनची कडी बघण्यासाठी हाच दिवा देतात. साखर कारखान्यांत रसातली साखर मोजण्याच्या पद्धतीतही हाच पिवळा प्रकाश प्रमाण मानला गेला. इथे सोडियम काचेच्या दिव्यात बंद असते, म्हणून बिनधोक.

हात लावण्याआधी

आता नियम. प्रत्येकाचे कारण वर आलेच आहे.

डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा. नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो, तो पुरत नाही. हात आणि चिमटा, सुरी, फरशी पूर्ण कोरडी हवी. तुकडा बोटांनी धरायचा नाही. बोटांवरचा घामही पाणीच आहे. चिमट्याने काढावा, गाळणकागदावर टिपून रॉकेल पुसावे आणि मुगाच्या दाण्याएवढाच भाग कापावा. बाकीचा लगेच बाटलीत परत.

लॅसेन चाचणीत लालबुंद नळी पाण्यात बुडवतात, तेव्हा ती फुटते आणि शिल्लक सोडियम भडकते. म्हणून वाटीवर तारेची जाळी धरावी आणि चेहरा लांब ठेवावा. नळीचे तोंड कुणाकडेही नसावे.

याच चाचणीतला दुसरा धोका फारसा कुणी बोलून दाखवत नाही. पदार्थात नायट्रोजन असेल तर अर्कात सोडियम सायनाइड तयार झालेले असते. त्यात आम्ल घातले की विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. म्हणून नायट्रिक आम्ल घालून उकळण्याची पायरी धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायची, वाफ हुंगायची नाही, आणि अर्क तोंडाने पिपेटमध्ये ओढायचा नाही.

सर्वांत जास्त अपघात काम संपल्यावर होतात. सोडियमचे बारीक तुकडे चिकटलेला गाळणकागद ओल्या कचरापेटीत टाकला की पेटी पेट घेते. उरलेला तुकडा सिंकमध्ये टाकला तर नळीत हायड्रोजन साचून स्फोट होतो. उरलेले तुकडे शिक्षकांच्या देखरेखीत, एकेक करून, अल्कोहोलमध्ये विरघळवतात. अल्कोहोलशीही क्रिया होते, पण बरीच सावकाश.

कातडीवर कण पडला तर आधी कोरड्या चिमट्याने किंवा कोरड्या कापडाने तो काढावा, मग वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटे धुवावे. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नये. लिंबू तर नकोच. डोळ्यात गेले तर तेवढाच वेळ पाण्याने धूत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

आग लागली तर

इथे आपली आयुष्यभराची सवय उलटी पडते. आग म्हटली की हात बादलीकडे जातो. सोडियमच्या आगीवर पाणी म्हणजे आगीत तेल. फेस मारणारे यंत्रही नको, कारण फेसात पाणी असते. कार्बन डायऑक्साइडचे यंत्रही नको. जळते सोडियम त्यातूनही ऑक्सिजन ओढून घेते.

चालते ते कोरडी वाळू, कोरडा धुण्याचा सोडा, किंवा कोरडे मीठ. धातूंच्या आगीसाठी ‘डी’ वर्गाची जी खास यंत्रे मिळतात, त्यांतल्या काहींत मुख्य भुकटी मिठाचीच असते. मिठातले सोडियम आपला इलेक्ट्रॉन देऊन मोकळे झालेले असल्याने ते काहीच क्रिया करत नाही. ते फक्त आगीवर बसून हवा तोडते. वाळू मात्र खरोखर कोरडी हवी. व्हरांड्यात पावसाचे तुषार खाऊन ओली झालेली वाळूची बादली असून नसल्यासारखी, किंबहुना नसलेली बरी.

हेच सोडियम टनांनी वापरणारे लोक

मुगाएवढ्या तुकड्याची एवढी काळजी, तर हेच सोडियम टनांनी कुणी वापरेल का? आपल्या देशात वापरतात, आणि त्या कामात एका मराठी अभियंत्याचा मोठा वाटा आहे.

तमिळनाडूतल्या कल्पाक्कम येथे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आहे. तिथली शीघ्र प्रजनक चाचणी अणुभट्टी ऑक्टोबर १९८५ मध्ये पहिल्यांदा कार्यान्वित झाली. तिच्यातली उष्णता वाहून नेते वितळलेले सोडियम. पाणी का नाही? या प्रकारच्या भट्टीत न्यूट्रॉनचा वेग कायम राहावा लागतो आणि पाणी तो कमी करते. सोडियम फारसा कमी करत नाही. शिवाय ते ८८३ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून पाण्यासारखे प्रचंड दाबाखाली ठेवावे लागत नाही. उष्णता तर ते पाण्याच्या कितीतरी पट चांगली वाहते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कसबा सांगावचे शिवराम भोजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढे याच क्षेत्रात गेले. शीघ्र प्रजनक अणुभट्ट्यांच्या कामात आयुष्य घालवून ते कल्पाक्कमच्या केंद्राचे संचालक झाले. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच परिसरात ५०० मेगावॅटची मोठी भट्टी उभारली गेली. तिला दीड हजार टनांहून अधिक सोडियम लागते.

तिथले नियम बघितले तर आपल्या कॉलेजच्या बाटलीचेच नियम मोठ्या आकारात दिसतात. बाटलीत रॉकेल, तिथे सोडियमवर आर्गॉन हा निष्क्रिय वायू. आणि भट्टीतले सोडियम थेट पाण्याजवळ नेतच नाहीत. ते आपली उष्णता सोडियमच्याच दुसऱ्या फेऱ्याला देते, आणि तो दुसरा फेरा पाण्याची वाफ करतो. मध्ये गळती झालीच तर किरणोत्सारी सोडियमची पाण्याशी गाठ पडू नये म्हणून. हे किती गरजेचे आहे ते जपानमध्ये डिसेंबर १९९५ मध्ये दिसले. मोंजू येथील भट्टीत दुसऱ्या फेऱ्यातले सोडियम गळले आणि आग लागली. ते सोडियम किरणोत्सारी नव्हते, म्हणून किरणोत्सार बाहेर पडला नाही. पण भट्टी अनेक वर्षे बंद राहिली.

घरी विचारावेत असे तीन प्रश्न

मुलांना सोडियमची भीती घालावी असे आम्ही म्हणत नाही. भ्यालेला हात थरथरतो, आणि थरथरणाऱ्या हातातूनच तुकडा पडतो. स्फोटाचे व्हिडिओ पाहून फुशारकीही नको. कारण समजून घेतलेले मूल दोन्हींच्या मधला रस्ता आपोआप धरते.

तेव्हा घरात विज्ञान शाखेचे मूल असेल तर पालकांनी तीनच प्रश्न विचारावेत. तुमच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला सुरक्षा चष्मा मिळतो का? वाळूची बादली कुठे आहे, आणि ती कोरडी आहे का? प्रयोग झाल्यावर उरलेला सोडियमचा तुकडा कुठे टाकतात? तिसऱ्याचे उत्तर ‘सिंकमध्ये’ असे आले, तर दुसऱ्या दिवशी शिक्षकांना नम्रपणे भेटून यावे. आपल्या सभासदांपैकी जे स्वतः शिक्षक आहेत त्यांनी सत्राच्या सुरुवातीला सोडियम-पोटॅशियमच्या बाटल्यांतले तेल आणि तुकड्यांचा रंग एकदा पाहून घ्यावा, ही विनंती.